पंच्याण्णवच्या आत

तारीख: एप्रिलचा शेवटचा रविवार. रक्कम: शहाण्णव किलो चारशे ग्रॅम. उपस्थित: मी, माझी बायको सुनंदा आणि वजनकाटा. तिघांपैकी खरं बोलण्याची सवय फक्त काट्याला. म्हणून मी खाली उतरलो, काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला आणि पुन्हा चढलो. शहाण्णव किलो पाचशे!

"अहो, फरशी बदलून माणूस हलका होत नाही," सुनंदा म्हणाली.

या सगळ्याला कारण बबनचा फोन. बबन म्हणजे आमच्या भोसरीच्या कंपनीच्या जुन्या कबड्डी संघाचा कप्तान. तीस वर्षांपूर्वी आम्ही पासष्ट किलो वजनी गटात खेळायचो.

"दिल्या, पुढच्या रविवारी मंडळाच्या मैदानावर जुन्या गड्यांचा सामना हाय. समोर आत्ताची पोरं. येतोस का न्हाई?"

"येतो!" मी म्हणालो. (त्याने प्रश्न पूर्ण करायच्या आधीच.)

"पर मंडळानं अट घातलीया. पंच्याण्णव किलोच्या वर कुणाला घेणार न्हाईत. मागल्या खेपेला आपला एक गडी पोरावर पडला. पोरगं महिनाभर कुशीवर वळत नव्हतं."

म्हणजे फक्त एक किलो चारशे ग्रॅमचा प्रश्न होता. मी हसलो. वजन उतरवण्यात माझा हात धरणारा सबंध पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी नव्हता. माझं मूळ वजन अडुसष्ट, गट पासष्टचा. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेआधी उपाशी राहायचं, स्वेटर घालून पळायचं, शेवटच्या दिवशी तर थुंकीसुद्धा गिळायची नाही. वजन झालं रे झालं की मैदानाबाहेरच्या गाड्यावर मिसळ, वर केळी, वर जिलबी. खेळ सुटला तरी ही सवय काही सुटली नाही. लग्नाआधी उतरवलं, बढतीच्या मुलाखतीआधी उतरवलं, मेहुणीच्या लग्नाआधी उतरवलं. (तिथे जेवण उत्तम होतं.)

मी आता चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात आहे, त्यामुळे मला आकडे सोडवत नाहीत. आजवर मी एकूण एकशे तीस किलो वजन उतरवलेलं आहे. या हिशेबाने मी आज उणे बासष्ट किलोचा असायला हवा. पण प्रत्येक वेळी जेवढं गेलं ते परत येताना एखाद्या पाहुण्याला बरोबर घेऊन आलं, आणि पाहुणा राहिला!

"बाबा, तुम्ही शरीराला इतक्यांदा घाबरवलंय ना," माझी मुलगी तन्वी म्हणाली, "की तुम्ही नुसती पोळी नाकारलीत तरी त्याला वाटतं दुष्काळ आला. ते लगेच साठा करायला लागतं."

"मग त्याला सांग, एकच आठवडा. शेवटचा."

"दर वेळी हेच सांगता. आता ते ऐकेल होय?"

ऐकलं नाहीच. सोमवारपासून काकडी, ताक आणि दीर्घ श्वास यांवर राहिलो. रात्री डोळे मिटले की डोळ्यांसमोर मैदान यायचं. लाल माती, चुन्याची मधली रेघ, आणि तिच्यापलीकडे हात धरून उभी असलेली सात पोरं. गंमत बघा. तेव्हा मैदानावर उभा राहिलो की जेवणाची आठवण यायची, आता जेवायला बसलो की मैदानाची येते. मला सामना जिंकायचा नव्हता. एक चढाई हवी होती. एकदा ती रेघ ओलांडून पलीकडे जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं, बस.

शनिवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो. शहाण्णव किलो शंभर! पाच दिवसांच्या उपासमारीचं फळ तीनशे ग्रॅम. एवढं तर माझं मनगटी घड्याळ आणि चष्मा मिळून भरेल.

आता जुना रामबाण उपाय काढणं भाग होतं. सुनंदाला "गाडी पुसून येतो" असं सांगितलं आणि दोन स्वेटर, त्यावर रेनकोट, डोक्याला माकडटोपी अशा वेषात मी आमच्या रहाटणीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो. (गाडी पुसायला माणूस असा का जाईल, हा प्रश्न मला पडला नाही. पोटात काकडी असली की प्रश्न पडत नाहीत.) गाडी उन्हात लावली, काचा वर केल्या, दारं आतून लॉक केली आणि बसलो घाम काढत.

बसल्या बसल्या वाटलं, दमही घोटून घ्यावा. चढाई करताना एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं असतं. दम तुटला की गडी बाद. डोळे मिटून, आवाज न करता मी सुरुवात केली.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकू भाजी घेऊन आल्या.

"अगं बाई! सुनंदा! धावत ये! हे बघ काय झालंय यांना! ओठ हलतायत, पण आवाज नाही!"

"शेवटचं काही सांगत असतील," वॉचमन हळहळला.

माकडटोपीतून मला हे सगळं पुसट ऐकू येत होतं. सुनंदा आली, काचेवर थापा मारू लागली. "अहो! दार उघडा! अहो!" आता दार उघडायचं तर बोलावं लागणार, आणि बोललं की दम तुटणार. त्या दिवशीचा माझा दम तर तरुणपणीसारखा लांबला होता! म्हणून मी डोळे न उघडता नुसता हात वर केला. 'थांब' या अर्थाने.

"निरोप घेतायत हो!" पाटीलकाकूंनी हंबरडा फोडला.

सुनंदा वर पळाली आणि घरातली सगळ्यात जड वस्तू घेऊन आली. (मला सोडून. मी गाडीत होतो.) ती वस्तू म्हणजे माझी पितळी ट्रॉफी: पासष्ट किलो वजनी गट, उत्कृष्ट चढाईपटू. तीच तिने मागच्या काचेवर हाणली. काच फुटली आणि माझा दमही तुटला.

"पाणी आणा! पाणी!" कोणीतरी ओरडलं.

"पाणी नको," मी पुटपुटलो. "काटा आणा!"

मला बाहेर ओढून रेनकोट-स्वेटर उतरवले. तन्वी रागारागाने काटा घेऊन आली. मी भिंतीला धरून चढलो. चौऱ्याण्णव किलो नऊशे! आत! शंभर ग्रॅम राखून आत!

मी विजयाने सुनंदाकडे पाहिलं. तिच्या हातात लिंबू सरबताचा ग्लास होता. तळव्याला काच लागून रक्त आलं होतं, तिचं लक्षही नव्हतं.

"प्या," ती म्हणाली. एवढंच.

एका ग्लासात अडीचशे ग्रॅम सरबत मावतं. ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळत होतं.

मी प्यालो. मग दुसरा ग्लास. मग पाटीलकाकूंचा दहीभात, समोरच्यांचं शहाळं, वॉचमनने आणलेला उसाचा रस. रविवारी सकाळी मैदानावरचा काटा म्हणाला, सत्त्याण्णव किलो शंभर.

"राव, तू तर वजन वाढवून आलास!" बबन कपाळाला हात लावून म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने आवाज खाली आणला. "बस हितं. गुणफलक सांभाळ."

मातीच्या जागी आता निळी मॅट होती. पंच शिट्टी वाजवायचे, मी आकडे बदलायचो. उत्तरार्धात बबन चढाईला निघाला. पाय फेकत, कमरेत वाकून, अगदी पूर्वीसारखा. तो रेघ ओलांडून गेला आणि गुणफलकाचे आकडे माझ्या हातात तसेच राहिले. पोरांनी त्याला अलगद, आजोबांना धरावं तसं धरलं. पंचांनी शिट्टी दिली, लोक हसले, बबनही हसला.

शेजारी बसलेल्या सुनंदाने पट्टी बांधलेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"अहो, ते बाद झाले," ती हळूच म्हणाली. "आता सोडा दम."

सोमवारी काळेवाडीच्या सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी फुटकी काच पोत्यात भरून दिली. सवयीप्रमाणे मी ती घरी वजन करून पाहिली: पावणेतीन किलो. म्हणजे जे मला आठवडाभरात जमलं नाही, ते गाडीने एका फटक्यात करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत नवी काच बसली आणि गाडीचंही वजन परत पहिल्यासारखं झालं. वर सलीमभाईंनी काचेवर काळी फिल्म लावायची का विचारलं, म्हणजे मूळच्यापेक्षा थोडं जास्तच! शेवटी गाडी आमच्याच घरातली.

फिल्म नको म्हणालो. काचेचे अठराशे रुपये सलीमभाईंना रोख दिले.