पसंतीला आणलेल्या बॅटऱ्या

"येत्या खंडेनवमीला गाडी आपल्या ताकदीनं लिंबांवरून गेली तर राहील. नाही गेली तर होसकोट्याच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकायची. यावर मला एक शब्द ऐकायचा नाही."

आमच्या आईनं हे जाहीर केलं तेव्हा नवरात्राला तीन आठवडे होते. मी जेवत होते, घास तसाच हातात राहिला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नेहमीप्रमाणे ताटाकडे बघत "सरी, सरी" म्हटलं. बेंगळुरात तीन पिढ्या काढल्यावर आमच्या घरात 'बरं' हा शब्द उरलाच नव्हता, सगळं सरीच.

लिंबांची गोष्ट बेंगळुराबाहेरच्यांना सांगायला हवी. खंडेनवमीला आमच्याकडे घरोघर हत्यारांची पूजा होते. शिंप्याची कात्री, सुताराची पटाशी, कारकुनाचा टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू. आणि ज्याच्याकडे वाहन असेल तो ते धुऊन, हार घालून, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवतो आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर ते लिंबांवरून पुढे नेतो. लिंबं फुटली की वर्षाची इडापिडा गेली. पण वाहनानं स्वतः जायचं असतं. आमचं जायचं नाही. आत अण्णा आणि काका बसायचे, मी आणि चामराजपेटेतली निम्मी गल्ली गाडीला मागून ढकलायची तेव्हा कुठे लिंबं फुटायची, आणि पुढे वर्षभर कुणाला पडसं झालं तरी आत्या म्हणायची, "होणारच. लिंबं माणसांनी फोडली ना."

गाडी होती विलायती, काळी, लढाईच्या आधीची. अण्णांचं कपडे शिवायचं दुकान होतं. छावणीतला एक गोरा साहेब त्यांच्याकडे सूट शिवायचा. मायदेशी परत जाताना त्यानं ती स्वस्तात अण्णांच्या गळ्यात बांधली. पुढून हँडल मारून सुरू करायची सोय होती, पण त्या हँडलनं एकदा अण्णांचं मनगट असं झटकलं की पंधरा दिवस त्यांना कात्री धरता आली नाही. तेव्हापासून हँडल माळ्यावर आणि गाडी गल्लीच्या भरवशावर.

आता माझं दुखणं सांगते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, वय तेवीस, आणि दोन महिन्यांपूर्वी मला गाडी चालवायचं लायसन मिळालं होतं. अण्णांच्या मागे वर्षभर भुणभुण लावून मी शिकले होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं मला तीनदा विचारलं, "नक्की तुम्हीच चालवणार का?" असलं लायसन हाती आल्यावर गाडीच विकायची? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आईशी दोन दिवस बोलले नाही, आणि तिला ते जाणवलंसुद्धा नाही, याचा राग वेगळा.

दुखणं बॅटरीचं आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अण्णा मात्र वर्षभर नुसते विचारत फिरत होते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं विलायतीच घ्या. कोर्टातल्या शिरस्तेदारांना विचारलं, ते म्हणाले मोठ्या कंपनीची देशी घ्या, गॅरंटीचं कार्ड मिळतं. बसच्या ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला, दोन्ही मूर्ख आहेत, मार्केटच्या मागच्या गल्लीत जा आणि जुन्या खोक्यात नव्या प्लेटा घालून घ्या. ज्यानं त्यानं आपल्या बॅटरीची बाजू अशी घ्यायची जशी ती पोटची पोर. अण्णा प्रत्येकाला सरी म्हणायचे आणि घरी येऊन पडायचे.

मीच मग एका रविवारी म्हटलं, "अण्णा, तुम्ही लुगडी पसंतीला घरी आणता ना? तशा बॅटऱ्या आणा. मी बघते."

त्यांना ते एकदम पटलं. पेठेत त्यांची पत होती. दुसऱ्या दिवशी एका हमालाच्या डोक्यावरून दोन बॅटऱ्या घरी आल्या. एक छावणीतल्या गॅरेजची विलायती. बाहेरचा माल येणं तेव्हा जवळपास बंद झालं होतं, म्हणून गॅरेजवाल्यानं ती रेशमी फडक्यात गुंडाळून दिली होती. दुसरी मोठ्या कंपनीची, नवी कोरी, कार्डासकट. आई ओसरीत आली, दोन्हींकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"लोक साड्या आणतात पसंतीला, आमच्याकडे या बाया आल्यात. काठ बघू, पदर बघू!"

अण्णांना चिडवलेलं कधी कळायचंच नाही. ते खरंच उकिडवे बसून बॅटऱ्या निरखत होते. आयुष्यभर कापड पारखलेला माणूस, त्यांनी दोन्हींवरून बोटं फिरवली, नखानं वाजवून बघितलं, उचलून बघितलं. "ही जड आहे. वजनदार माल टिकतो," ते विलायतीकडे बोट दाखवून म्हणाले. उचलताना बॅटरी धोतराला लागली होती. धोतर धुतल्यावर मांडीवर सात भोकं निघाली, आम्लानं सूत खाल्लं होतं. अण्णा ती भोकं उजेडात धरून म्हणाले, "कसर लागली वाटतं." मला हसू आवरेना.

माझी रीत वेगळी होती. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी द्रवाची घनता मोजायची काचेची नळी मागून आणली होती. बॅटरीतलं आम्ल सकस असेल तर नळी वर तरंगते, पाणचट झालं असेल तर बुडते. आईनं ते बघितलं आणि ती म्हणाली, "म्हणजे गवळ्याच्या दुधासारखं." अगदी तसंच. तिला माझ्याआधी कळलं होतं, पण ते मी कबूल केलं नाही.

विलायती बॅटरीत नळी बुडाली. पुन्हा बघितलं, पुन्हा बुडाली. फडक्यात गुंडाळून ती बाई किती वर्षं फळीवर बसून होती देव जाणे. तरी गाडीत बसवून बघितली. दिवे लावले, ते झकास लागले. मग दिवे चालू ठेवून भोंगा दाबला, तर दिवे मिणमिणले आणि भोंगा रेड्यासारखा हंबरून गप्प झाला. आत्या दारातून म्हणाली, "अय्यो, गेली का ती?" अण्णांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली.

कंपनीची बॅटरी मात्र शंभर नंबरी. नळी टुणकन वर, भोंगा खणखणीत, दिवे जागचे हलले नाहीत. मी उड्या मारायच्या बाकी होते. आणि मग ती गाडीत बसेना. आमच्या गाडीत बॅटरीची जागा होती चालवणाऱ्याच्या सीटखाली, आणि ही बॅटरी दोन बोटं उंच. सीट वर बसेचना. अण्णा तिला घेऊन स्वतः दुकानात गेले, मीही बरोबर. पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"माल उत्तम आहे," अण्णा म्हणाले. "फक्त दोन बोटं कमी करून मिळेल का?"

दुकानदारानं आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कमी करून?"

"नाहीतर खालून दुमडून."

मी अण्णांना हाताला धरून बाहेर आणलं. पण रस्त्यात ते फार गंभीर झाले होते. म्हणाले, "बाळ, माझंच चुकलं. तयार कपडा कधी कुणाला नीट बसलाय का? मापानं शिवलेलं ते मापानं शिवलेलं." आणि तडक मार्केटच्या मागच्या गल्लीत वळले. नवरात्र बसून चार दिवस झाले होते.

त्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ भट्टीपाशी बसून शिसं वितळवत होते. हात कोपरापर्यंत काळे. त्यांच्याकडे मोडीत आलेल्या बॅटऱ्यांची रिकामी काळी खोकी रचलेली होती, त्यातलं मापाचं निवडायचं, नव्या प्लेटा घालायच्या, मध्ये लाकडाच्या पातळ चिपा, आणि वरून डांबर ओतून तोंड बंद. अण्णांनी खिशातून टेप आणि सीटखालच्या मापाचा कागद काढला. त्या गृहस्थांनीही पट्टी काढली. दोघांनी खोक्यांवर वाकून, एकमेकांना आकडे सांगत, मापाचं खोकं निवडलं. अण्णांचा चेहरा इतका खुललेला मी वर्षभरात बघितला नव्हता.

"गॅरंटी?" मी कन्नडात विचारलं.

"मी इथेच बसतो," ते म्हणाले.

"कधी मिळेल?"

"स्वल्प थांबा, अक्का. भरायला दोन दिवस, चार्ज व्हायला दोन दिवस. घाई केली तर पोर अशक्त निघेल."

मी मनात दिवस मोजले. चार दिवस म्हणजे बरोबर नवमीची सकाळ. आधी मिळणार नाही, नंतर मिळून उपयोग नाही. मी शाळेत जायचे, पण लक्ष सगळं त्या गल्लीत. एका वर्गाला मी एकच धडा दोनदा शिकवला आणि मुली काही बोलल्या नाहीत, हसत बसल्या.

नवमीला सकाळी नऊला बॅटरी आली. मी नळी घातली, वर तरंगली. म्हटलं चला, बसवू या. तर अण्णा म्हणाले, "थांब. आज हत्यारांची पूजा आहे. हिलाही लावू दे हळदकुंकू, मग बसव." नाही म्हणायची सोय नव्हती. पाटावर अण्णांच्या कात्र्या, शिवणयंत्राची मुंडी, माझी प्रयोगशाळेची नळी आणि मध्ये बॅटरी मांडली. मी हार आणायला आत वळले आणि तेवढ्यात आत्यानं, सपाट जागा दिसली म्हणून, पूजेचं तांब्याचं ताम्हण बॅटरीवर ठेवलं.

बॅटरीची दोन टोकं वर आलेली असतात. त्यांच्यावर तांबं आडवं पडलं की काय होतं ते मी शाळेत पोरींना लहान तारेनं दाखवते. हे ताम्हण होतं. फाडकन निळा जाळ उठला, तडतड ठिणग्या उडाल्या, कुंकू जळल्याचा वास आला आणि आत्या मागच्या मागे बसून ओरडली, "देवी आली! देवी आली!" अण्णांनी हात जोडले. मी किंचाळले, "कुणी हात लावू नका!" आणि माझे पाय मात्र जागचे हलेनात.

आई स्वयंपाकघरातून पोळ्या टाकून लाटण्यासकट आली होती. तिनं एकदा बघितलं, लाटण्यानं ताम्हणाला खालून असा फटका दिला की ते अंगणात जाऊन पडलं. काठाला उंदरानं कुरतडल्यासारखा तुकडा उडाला होता.

"देवी कसली, ठेवायची अक्कल नको?" ती म्हणाली आणि पोळ्यांकडे परत गेली.

बाहेर गल्ली जमली होती. होसकोट्याचा व्यापारीही आला होता, जरीचा रुमाल बांधून, लग्नाला आल्यासारखा. मी बॅटरी बसवली. पुन्हा तपासायला वेळ नव्हता, आणि खरं सांगते, धीरही नव्हता. चार लिंबं लागली. दरवर्षी स्टिअरिंगशी अण्णा बसायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार उघडून धरलं. "बॅटरी तू पारखलीस, तूच बस." काकांनी घसा खाकरला. अण्णांनी न ऐकल्यासारखं केलं.

मी स्टार्टर ओढला. घर्र... घर्र... आणि थांबलं. सवयीनं सगळी गल्ली गाडीच्या मागे सरकली, बाह्या सारल्या. मला दारात उभी असलेली आई दिसली. मी डोळे मिटून पुन्हा ओढला आणि इंजिन असं कडाडलं की मागचे लोक धूर खात बाजूला पळाले. मी क्लच सोडला. फच, फच, आणि मग मागची दोन, फच, फच. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आत्या रडायला लागली. मीही रडत होते, लपवायचं काय त्यात.

आणि तेवढ्यात तो व्यापारी खिडकीशी आला. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. अण्णांना म्हणाला, "स्वामी, बंद पडलेली न्यायला आलो होतो. ही तर एका दमात निघाली! मागाल ती किंमत देतो, आत्ता घेऊन जातो."

याचा विचार मी केलाच नव्हता! एवढी उठाठेव करून मी गाडी विकण्याजोगी करून ठेवली होती. अण्णांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले आणि त्यातून 'सरी'तला 'स' बाहेर पडलेला मी स्पष्ट ऐकला.

"लिंबांवरून गेली नाही तर द्यायची होती," आई पायऱ्या उतरत म्हणाली. हात पदराला पुसत ती सरळ त्याच्यासमोर आली. "गेली, आता राहील. तुम्ही जेवून जा."

मग तिनं पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. ही बाई त्या गाडीत कधी बसलेली नव्हती. लग्नकार्याला सुद्धा टांग्यानं यायची, आणि आम्ही समजायचो तिला गाडीचा तिटकारा आहे.

"आई, तुला तर ही नकोच होती," मी म्हटलं.

ती समोर बघत होती. "पुढे काका आणि अण्णा बसायचे, लोकांना हात करायचे. आणि माझी शिकलेली पोर मागून ढकलायची, पदर खोचून, घामाघूम, आणि दुकानांतले हसायचे. मला नाही बघवत. तू मागे असलीस तर गाडी नको मला. पुढे असलीस तर राहू दे."

मी तिच्याकडे वळून बघितलं. मी नुसती स्टिअरिंगला धरून बसले.

"अगं, बघतेस काय," आई म्हणाली, "घे पुढे."