नवसाचे जावळ आणि खुंटीवरच्या चपला

नर्मदाबाई सटवाजी अडकिणे. जन्म इसवी सन १९५८. दाखल्यावर एक तारीख आणि आधार कार्डावर दुसरी असल्याने येथे केवळ वर्ष दिले आहे. राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. शिक्षण तिसरी. पती सटवाजी, मुलगा सोमेश्वर (कामानिमित्त परगावी), सून कोमल, नातू रुद्र. हयात.

नर्मदाबाई शब्दाला पक्क्या. तरुणपणी एका भांडणात त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आडाचं पाणी पिणार न्हाई." गावात नळ येईपर्यंत त्यांनी मळ्यातल्या विहिरीवरून घागरी वाहिल्या. शेजारीण पुढे मैत्रीण झाली, लग्नाकार्यांत एकमेकींच्या ओट्या भरून झाल्या, पण त्या आडाचे पाणी नर्मदाबाईंच्या घशाखाली उतरले नाही. अशा बाईवर दिलेला शब्द मोडण्याची वेळ यावी, ही साधी गोष्ट नव्हती.

कोमलचे दोन गर्भ राहून गेले होते. तिसऱ्या खेपेला नर्मदाबाई मळ्याकडच्या लिंबाखाली सटवाईच्या ठाण्यावर गेल्या आणि मोठ्याने बोलून आल्या, "लेकरू नीट हाती दे. त्याचं जावळ अकराव्या महिन्यात, इथंच, मामाच्या मांडीवर काढीन. तवर त्याच्या डोक्याला लोखंड लागू देणार न्हाई, अन् माझ्या पायात चप्पल घालणार न्हाई." घरी येताच त्यांनी चपला दाराजवळच्या खुंटीला अडकवल्या. सटवाजींना हा नवस फार मनापासून पटला. त्यांचे नावच त्या देवीचे. त्यांचेही जावळ त्यांच्या आईने त्याच लिंबाखाली वाहिले होते.

दोन हजार बावीसच्या कार्तिकात रुद्र जन्मला, तो डोकेभर दाट केस घेऊनच. येणारी प्रत्येक बाई आधी जावळाचे कौतुक करी. त्या जावळाने काय झाकले आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. चौथ्या महिन्यात एके सकाळी कोमल त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. ओले केस डोक्याला चिकटले आणि तिचा हात थांबला. डोक्याची उजवीकडची मागची बाजू दाबल्यासारखी सपाट होती, आणि उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकला होता.

"आत्याबाई, हे बघा बरं," तिने सासूला हाक मारली.

नर्मदाबाईंनी हात फिरवला. "व्हय की. तेल लावून चोळलं म्हंजे येईल गोल."

"चोळून न्हाई यायचं. मी नांदेडला नेते."

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. मानेचा एका बाजूचा स्नायू जन्मापासून आखडलेला आहे. म्हणून बाळ सतत उजवीकडेच वळून पडते. हाड कोवळे, त्यामुळे ज्या जागी भार पडतो ती जागा चपटी होते. जागेपणी पोटावर खेळवा, दाखवलेल्या पद्धतीने मान वळवा, झोळीत फार वेळ ठेवू नका, आणि डोके मुळीच दाबू नका. घरी परतताच नर्मदाबाईंनी झोळी आढ्यावरून सोडली व घडी करून ठेवून दिली.

मान मोकळी झाली, डोके मात्र पुरेसे भरले नाही. सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी डोक्याला आकार देणारे हेल्मेट सांगितले. रुद्रच्या डोक्याच्या मापाने ते हैदराबादेहून तयार होऊन आले. अंघोळ व सफाई सोडली तर दिवसरात्र डोक्यावर ठेवायचे. जे सुधारायचे ते वर्षाच्या आत. पुढे हाड घट्ट होत जाते.

गावाला करमणूक झाली. "काहून हो नर्मदाबाई, नातवाची फटफटी कुठाय?" असे एकीने ओट्यावरून विचारले.

"तुमच्या मालकानं नेली असंल," नर्मदाबाई चालता चालता म्हणाल्या. "रोज बाळापूरला बोडक्यानं जातेत. त्यांना म्हणावं, आमच्या लेकराकडून शिका."

पण वैशाखातील उन्हाला असे उत्तर देता येईना. हळद शिजवण्याचे दिवस. अंगणभर हळद वाळत पडलेली. हेल्मेटखाली ते दाट जावळ घामाने निथळू लागले. आठवड्याभरात टाळूभर पुरळ उठले आणि पोर रडून रडून निळे पडू लागले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितले: पुरळ बरे होईपर्यंत हेल्मेट काढा, आणि केस कात्रीने बारीक करा. एवढ्या केसांवर, एवढ्या उन्हात ते चालणार नाही.

अकरावा महिना तर नवरात्राच्या तोंडावर होता.

त्या दिवशी सटवाजींची बहीण शिवकन्या आखाडा बाळापूरहून आली होती. चहाच्या कपबशा तशाच राहिल्या आणि बोलणे सुरू झाले.

"जावळाला हात लावायचा न्हाई," सटवाजी म्हणाले. "टोप काढून ठेवा. नवस फिटला की घाला. डोकं कुठं पळून चाललं?"

"हाड घट्ट झाल्यावर टोपाचं काय, त्यात लसूण भरायचा?" नर्मदाबाई म्हणाल्या.

शिवकन्याबाईंनी आवाज खाली आणला. "वहिनी, सटवाईनं लेकरू दिलं. ती परत बी नेते, एवढं ध्यानात असू द्या."

कोमलने रुद्रला छातीशी घट्ट धरले. "आत्याबाई, नवस तुमचा आहे. पण पुरळ बसलं की मी हेल्मेट घालणार. केस असले तरी घालणार."

नर्मदाबाईंनी सुनेकडे पाहिले, मग नणंदेकडे. "शिवकन्याबाई, शब्द माझ्या तोंडून गेला. लेकरानं सटवाईला काय लिहून दिलं व्हतं? न्यायचं तर मला नेईल. मी दारातच बसलेली असते, तिला हुडकायची बी तकलीफ न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देविदास न्हाव्याला बोलावले. काम कळताच त्याने पेटी पुन्हा बंद केली.

"काकू, नवसाचं जावळ हाय. उद्या काही झालं तर गाव माझ्या नावानं बोंबलंल."

"मग कात्री तरी दे."

"कात्री बी न्हाई देत. पाया पडतो."

"पाया नको पडू. बस तिथं अन् बघ, म्हंजे गावाला बराबर सांगशील."

त्यांनी कोमलच्या शिलाई मशीनवरची कात्री घेतली. कोमल म्हणाली, "घरात बसून काढू, आत्याबाई. लोक बघून राहिलेत."

"बघू दे. चोरून काढलं तर चोरी व्हईल."

अंगणात, वाळत्या हळदीच्या कडेला, कोमल रुद्रला मांडीवर घेऊन बसली. सटवाजी उठले, टोपी घातली आणि मळ्याच्या वाटेला लागले. नर्मदाबाईंनी ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मग मळ्याकडच्या सटवाईकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे त्या म्हणाल्या, "बाई, तारीख मी मोडून राहिले. केस तुझेच हायेत, एक बी वाऱ्यावर जाऊ देणार न्हाई. दंड लावायचा तो माझ्या पायाला लाव. चपला खुंटीवरच राहतील. तू म्हणशील तवर."

कात्री चालली. प्रत्येक बट त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात झेलली. डोके उघडे पडले तेव्हा सपाट भाग सर्वांना दिसला. देविदास पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, कानामागं राहिलं बघा थोडं."

सटवाजी किती तरी दिवस पत्नीशी बोलले नाहीत. जे सांगायचे ते सुनेमार्फत सांगत. पुरळ बसले, हेल्मेट पुन्हा चढले. नवव्या महिन्यात रुद्रला ताप भरला, तशा शिवकन्याबाई धावत आल्या. "सांगितलं व्हतं का न्हाई मी?"

"काल अंगणवाडीत लस टोचली," नर्मदाबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या चार पोरांना ताप हाय. चौघांच्या आज्यांनी नवस मोडला काय?" असे म्हणून त्यांनी नणंदेला चहा टाकला, पण स्वतःचा कप हातात तसाच राहिला, आणि दुपारी ताप उतरेपर्यंत त्या लेकरापासून हलल्या नाहीत.

अकराव्या महिन्यात नर्मदाबाईंनी कोमलच्या भावाला बोलावून घेतले आणि त्याला, कोमलला व रुद्रला घेऊन लिंबाखाली गेल्या. मामाने रुद्रला मांडीवर घेतले, हेल्मेट काढले, आणि फडक्यातले केस सटवाईपुढे ठेवले. मागून कोणी तरी चालत येत होते. ते सटवाजी होते. हातात नारळ होता. त्यांनी तो फोडला, पत्नीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "घाल आता चपला. ऊन लई हाय."

"केस पोचले. तारीख चुकली ती चुकलीच," नर्मदाबाई म्हणाल्या आणि अनवाणी पुढे निघाल्या.

रुद्र आता अंगणवाडीत जातो. डोके गोल झाले आहे; उजव्या कानामागे थोडा सपाटपणा उरला आहे, तो कोमलच्या बोटांनाच कळतो. दुसऱ्या कोणाच्या मापाचे नसल्याने हेल्मेट स्वयंपाकघरात राहिले आणि त्यात खरोखरच लसूण असतो. शिवकन्याबाई आल्या की आधी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवतात, पण त्या विषयावर बोलत नाहीत. मागल्या पोळ्याला सटवाजींनी बाळापूरच्या बाजारातून बायकी चपलांचा नवा जोड आणून दारात ठेवला.

"कुणाच्या ह्या?"

"तुझ्याच. बास की आता. किती दिवस?"

"ते तिला विचारा. तुमी मधी पडू नका."

नवा जोड जुन्या जोडाशेजारी त्याच खुंटीवर आहे. नर्मदाबाईंचे सटवाईकडचे देणे आजमितीस बाकी आहे. ते त्या रोज पायांनी फेडतात.