नवसाचा वाघ

माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध होता. कुणी एक बोललं की मी चार बोलायची, आणि चारांनी भागलं नाही तर हातही चालवायची. त्यामुळे मी लहानपणी एकदा वाघ झाले होते, असं सांगितलं की जुन्या ओळखीच्यांना नवल वाटत नाही. त्या दिवशी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही, हे मात्र कुणाला खरं वाटत नाही.

मोहरमच्या दिवसांत आमच्या नागपुरात माणसं वाघ होत. अंगभर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, डोक्याला पुठ्ठ्याचे कान, मागे चिंध्या भरलेलं शेपूट. कमरेला दोर, आणि तो दोर धरणारा घरचा माणूस. पुढे ताशा वाजायचा, आणि वाघ नाचत नाचत सवारीपुढे जायचा. सवारी म्हणजे त्या दिवसांत बसवलेलं पवित्र निशाण. तिथे वाघाने डोकं टेकवलं की झालं. काही वाघ हौसेचे असत, काही नवसाचे, आणि नवसाच्या वाघांत आमच्यासारख्या हिंदू घरांतली मुलंही असत. आजारी लेकरू जगलं की आई त्याला वाघ करायची.

नवसाच्या वाघाला एक कडक नियम होता. रंगाचा पहिला हात अंगाला लागला की तो वाघ. सवारीपुढे डोकं टेकवेपर्यंत त्याने माणसासारखं बोलायचं नाही. गुरगुरावं, डरकाळी फोडावी, पण शब्द निघाला की नवस फुकट आणि रंग पुसायचा.

आई कुहीकडच्या एका खेड्यातली. तिच्या बापाच्या धानाच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तो वाघदेव. रोवणीआधी त्याला नारळ फोडायचं आणि जंगलातल्या वाघाचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. लग्न होऊन ती नागपूरच्या इतवारीत आली, आणि पहिल्याच मोहरमला तिला भांड्यांच्या दुकानांमधून वाघ नाचत येताना दिसला. तिने पदर सावरला आणि भर रस्त्यात हात जोडले. हा सण मुसलमानांचा, तो देव शिवारातला, असा भेद तिच्या मनात आलाच नाही. "वाघ एकच असते," ती म्हणायची. "तो काय जात पाहून राखण करते?"

मोठेपणी मी कुठेतरी वाचलं, की हजारो वर्षांपूर्वी माणसांनी गुहेतल्या खडकांवर वाघ रंगवून ठेवलेत, आणि त्याही आधी सुऱ्यासारख्या सुळ्यांची मांजरं पृथ्वीवर हिंडत होती. ती चित्रं का काढली असतील, यावर विद्वानांचा वाद आहे म्हणे. मला वाद घालावासा वाटला नाही. कुण्या बाईचं लेकरू तापानं फणफणलं असेल, दुसरं काय?

माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली होती. एक आठ दिवसांचं, एक सहा महिन्यांचं. माझ्या वेळी सातवा महिना चालू असताना ती सवारीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, हे पोटातलं जगू दे, त्याला वाघ करीन. मी जगले. पण मी मुलगी निघाले आणि सगळ्यांनी नवस परस्पर निकालात काढला. घरात शब्द चालायचा तो बाबांच्या थोरल्या भावाचा, आमच्या मोठ्या बाबांचा. ते म्हणाले, "पोट्टीले कोणी वाघ करते काय? झालं, सुटला नवस." बाबा भांड्याच्या दुकानात कामाला होते, आणि दिवसभर तिथे घणाघणी ऐकून घरी बोलायची त्यांची इच्छाच उरत नसावी. त्यांनी मान हलवली. आई दर मोहरमला विचारायची आणि दरवेळी उत्तर यायचं, पुढच्या वर्षी पाहू.

मी चौथीत असताना मला टायफाईड झाला. एकवीस दिवस मी अंथरुणात होते आणि त्यातले निम्मे मला आठवत नाहीत. मी उठून बसले त्या दिवशी आईने मोठ्या बाबांसमोर उभं राहून सांगितलं, की या मोहरमला ही वाघ होईल म्हणजे होईल. आजारपणाने तेही हबकले होते. त्यांनी तोडगा काढला. नवस माझ्या नावाचा, पण वाघ त्यांचा मुलगा होईल, माझ्याहून वर्षाने मोठा असलेला माझा चुलत भाऊ. घराण्यातलंच पोरगं, देवाला काय फरक पडतो? मी दोन दिवस जेवले नाही. माझ्या जिवासाठी बोललेला वाघ, आणि पट्टे दुसऱ्याच्या पाठीवर! मला इतका राग आयुष्यात पुन्हा आला नाही.

त्या वर्षी मोहरम ऐन उन्हाळ्यात आला होता. सदर बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा पेंटर आमच्या भागातले वाघ रंगवायचा. तो सकाळीच डबे घेऊन आमच्या अंगणात बसला. चुलत भाऊ पाटावर बसला, नुसती चड्डी घालून, छाती फुगवून. आठवडाभर त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की बघा मी कसा वाघ होतो ते. पेंटरचाचाने त्याच्या पाठीवर पिवळ्याचा पहिला हात मारला. मग पोट, मग हात. मी खांबाला टेकून दात खात होते. फाटकावर त्याचेच चार मित्र येऊन उभे राहिले.

त्यातला एक म्हणाला, "अबे, हा तं मांजर दिसून राहिला!"

झालं! भाऊ ताडकन उठला आणि ओरडला, "तुहा बाप मांजर!"

पेंटरचाचाचा ब्रश हवेतच राहिला. भावाच्या आईने कपाळाला हात लावला. चाचाने खांद्यावरचं फडकं काढलं आणि भावाची पाठ पुसायला घेतली. "बोल दिया, खतम," एवढंच तो म्हणाला.

मोठे बाबा घसा खाकरत म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी पाहू."

"नऊ वर्षं पुढच्याच वर्षी पाहून राहिली मी," आई म्हणाली.

ती आत गेली. मी मागे गेले. तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून हळदीत रंगवलेली एक बंडी आणि चड्डी काढली. माझ्याच मापाची. मी पेटीत डोकावले. खाली आणखी एक पिवळी बंडी होती, जरा लहान. तिच्याखाली त्याहून लहान. अगदी तळाशी वीतभराची एक होती, बाहुलीला यावी तेवढी. ती दरवर्षी शिवत होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मी काही विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "आता तोंड बंद. समजलं? तुले जमलं तं जमलं, नाही तं माझी मान कायमची खाली."

मी पाटावर जाऊन बसले. पेंटरचाचाने मोठ्या बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. "किसके नाम की मन्नत है?" त्याने विचारलं. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तो फिर इसीको लगेगा," तो म्हणाला आणि त्याने माझ्या कपाळावर ब्रश टेकवला. थंडगार लागलं, तेलाचा वास आला. हात, पाय, गळा, गाल. बंडीवरूनही त्याने पट्टे ओढले. ब्रश कानामागे गेला तेव्हा इतक्या गुदगुल्या झाल्या की मी जीभ चावून धरली. चाचा खुशीत म्हणाला, "ये शेर अच्छा है, हिलता नहीं." ते ऐकून माझी छाती बंडीत मावेना.

कमरेला दोर बांधला. घरचा कर्ता पुरुष तो धरतो, म्हणून चाचाने टोक मोठ्या बाबांपुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले. बाबांनी आपल्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जागचे हलले नाहीत. आईने पदर डोक्यावरून घट्ट ओढला, खोचला आणि दोराचं टोक आपल्या हाताला दोनदा गुंडाळलं. तोवर आमच्या घरातली बाई एवढ्या गर्दीत कधी पुढे चालली नव्हती.

कोपऱ्यावर ताशेवाला उभा होता. आम्हाला पाहून त्याने काड्या काखेत घातल्या. "बाई, दोर माणसाच्या हाती द्या, मंग वाजवतो," तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तोंड उघडलंसुद्धा. आईने दोराला हिसका दिला. मग मी दोन्ही हात जमिनीवर टेकले, खाली वाकले आणि त्याच्या ताशावर अशी झेप घेतली की तो तीन पावलं मागे गेला. तापलेल्या रस्त्याचे चटके हातांना बसत होते. मी तशीच गुरगुरत त्याच्याभोवती फिरले. एकदा, दोनदा. लोक जमले. कुणीतरी हसून म्हणालं, "वाजव गा, नाही तं वाघ खाईन तुले!" आणि ताशा कडाडला.

मग मी नाचले. किती नाचले ते मला सांगता येणार नाही. एकवीस दिवस अंथरुणात पडलेलं अंग ते, पण थकवा कुठच्या कुठे गेला होता. रंग उन्हात तडकत होता, अंगाला ओढत होता, आणि मला वाटत होतं की आतून दुसरंच कुणी मोठं, जुनं जनावर हातपाय ताणतंय. माणसं बाजूला होत होती. दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले होते. बाबा मागून येताना दिसले, हातात पाण्याचा लोटा. माझे पाय भाजू लागले की ते मुकाट्याने पुढे येऊन रस्त्यावर पाणी ओतत आणि पुन्हा मागे होत.

ते चार मित्र काही सोडणार नव्हते. भांडेगल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला गाठलं. "म्याव! मांजर! टायफाईडची मांजर!" मागे मोठे बाबा उभे होते. त्यांना वाटलं असणार, आता ही तोंड उघडते. मलाही तसंच वाटलं. शिव्या ओठापर्यंत आल्या होत्या, एकाहून एक. मी त्या गिळल्या. खरंच गिळल्या, घसा दुखला. पण डरकाळीला बंदी नव्हती! मी पोटातून अशी डरकाळी फोडली की त्यातला सगळ्यात मोठा पोट्टा उडी मारून कांद्याच्या हातगाडीवर चढला आणि गाडीवाल्याने त्याला दोन ठेवून दिल्या. सगळी गल्ली हसली. माझा चुलत भाऊही पोट धरून हसत होता, अंगावर अर्धवट पिवळा रंग घेऊन. तिथून पुढे तोच माझ्यापुढे "हटा, वाघ आला!" करत चालू लागला.

वाटेत एक बाई ओट्यावरून उतरली. तिच्या कडेवर काडीसारखी बारीक मुलगी होती. वाघाचा पंजा लेकराच्या डोक्यावर फिरवून घ्यायची पद्धत होती. तिने जवळून पाहिलं आणि आईला विचारलं, "पोट्टी हाय का वं ही?" आईने मान हलवली. "मंग तं बरंच झालं," ती म्हणाली आणि तिने लेकीचं डोकं माझ्यापुढे केलं. मी पिवळा हात त्या डोक्यावर ठेवला. टाळू धडधडत होती. मी नऊ वर्षांची होते, पण त्या क्षणी मी खेळत नव्हते, हे मला पक्कं आठवतं.

सवारीपुढे पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. सवारीची सेवा करणारे म्हातारे मुजावर मोरपिसांचा झाडू घेऊन पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "किसका शेर है?"

इथे बापाचं नाव सांगायचं असतं. मोठे बाबा ते सांगायला पुढे सरकले.

"माझा," आई म्हणाली.

मोठ्या बाबांच्या आधी, एवढ्या गर्दीत ती बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मुजावर समजुतीने म्हणाले, "बाप का नाम बोलते हैं, बाई."

"नवस म्या केला. पोटात म्या वाढवली. दोर धरून म्या आणली. वाघ माझा हाये."

मुजावरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या हातात रिकामा लोटा होता आणि ते घामाने चिंब झाले होते. "तिचाच हाये जी," ते म्हणाले. "मी निस्ता संगं आलो."

मुजावर हसले. त्यांनी माझ्या पाठीवरून मोरपीस फिरवलं, सरबताचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाले, "अब बोल, बेटी."

दिवसभर मी बोलायचं साठवून ठेवलं होतं. ताशेवाल्याला काय बोलायचं, त्या पोट्ट्यांना काय, मोठ्या बाबांना काय, सगळं पाठ होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी आईकडे वळले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "आई!" जो शब्द शिकायच्या आधीच तिची दोन लेकरं गेली होती, तो मी असा ओरडले की पलीकडचा ताशा थांबला.

आईच्या मुठीत दोर अजून तसाच होता. "हळू वं," ती रडत रडत म्हणाली, "ऐकू येते मले."