मॅडमच्या उंचीचा खिळा

दुसऱ्या दिवशीची मटकी निवडून मी पाण्यात टाकून राह्यलो होतो, तेव्हा फोन आला. आमच्या शाळेत महिनाभर काम शिकायले आलेल्या प्रणालीचा. दोन वर्षांत त्या पोरीनं मले कधी फोन केला नव्हता, अन् करावा असं मी काही ठेवलंही नव्हतं. म्हणाली, "बाबा, वानखडे मॅडम गेल्या. काल सकाळी." मी म्हटलं, "हाव." तिनं फोन ठेवला. पाहतो तर नळ चालूच, अन् पातेल्यातली मटकी पाण्यासंगं वरून वाहून फरशीवर पसरलेली.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. नातू म्हणे, आबा तुम्ही सांगा, मी लिहितो. मी नाही म्हटलं. चूक माझी आहे तर अक्षरंही माझीच असावी. चिखलीहून मेहकरकडे जाताना आमचं गाव रस्त्यापासून आत पडते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरायची दुपारची खिचडी, उसळ मी शिजवतो. कागदावर नाव सुनेचं, कांताचं, हात माझा. त्याच्या आधी चाळीस वर्षं मी लग्नाच्या पंगती केल्या. माझ्या मटकीच्या उसळीले लोक दुरून नाव घेत. दाणा शिजलेला, पण एकही मोडलेला नाही. दुसऱ्या आचाऱ्यायची उसळ गरगट व्हायची अन् मी त्यायले चारचौघांत हसायचो. आमच्यात एक रीत आहे. पंगत उठली की आचाऱ्यानं पत्रावळीकडे पाहायचं नाही, भट्टीकडे तोंड करून बसायचं. ज्यानं मले शिकवलं तो म्हणायचा, उष्टं पाहणारा आचारी म्हणजे जेवणाऱ्याचं पोट मोजणारा. मी ती रीत कधी मोडली नाही. शाळेतही नाही.

वानखडे मॅडम चिखलीच्या एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवत. पहिल्यांदा आल्या तेव्हा मले वाटलं कोणी तपासणीवाल्या आल्या. बाई ठेंगणी, माझ्या छातीएवढी, पण चालणं असं की वाटेतल्या माणसानंच बाजूले व्हावं. त्यायचं आजोळ आमच्या गावचं, म्हणून माझ्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या. हेडमास्तर अन् मी, दोघं उभे होतो. म्हणाल्या, "माझ्या पोरी शेवटच्या वर्षाले महिनाभर दवाखान्यात जातात, काम शिकायले. तिथं त्यायले फाइली उचलायले लावतात, नाईतर पंख्याखाली बसवतात अन् शेवटी सही देतात. मले सही नको, काम पाहिजे. तुमच्या इथं रोज शंभरावर पोरं जेवतात. याच्याहून मोठी शाळा माझ्या पोरीले कुठं भेटणार?"

हेडमास्तरनं मान हलवली. मी विचारलं, काम म्हणजे काय? तर म्हणे, पोरं जेवून उठली की कोणत्या वर्गानं ताटात किती टाकलं त्याचं रोज वजन करायचं, काऊन टाकलं ते पोरायलेच विचारायचं, अन् मग बाबा, तुमच्यासंगं बसून ठरवायचं की काय बदलता येते.

माझं डोकं तिथंच फिरलं. "माझं उष्टं मोजता?"

"तुमचं नाई बाबा. पोरायचं."

अन् पिशवीतून त्यायनं भंगारवाल्यापाशी असतो तसा हुकाचा काटा काढला, खिळा काढला, माझा वरवंटा उचलला, अन् मले न विचारता स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा ठोकला. स्वतःच्या डोळ्यासमोर येईल असा. ठोकता ठोकताच म्हणाल्या, "तुमची उसळ मी लहानपणी खाल्लेली आहे, बरं का. पाटलाच्या लग्नात. आमच्या वस्तीची पंगत सगळ्यात शेवटी बसायची ना, तोपर्यंत गंजपातेल्यात रस्साच राहायचा. मी बोटानं दाणा शोधत होती." अन् हसल्या. मी म्हटलं, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती," अन् भट्टीकडे तोंड केलं. तेवढं मले चांगलं येत होतं.

महिन्याभरासाठी प्रणाली आली. मेहकरकडची पोरगी, एसटीनं फाट्यावर उतरून पायी आत यायची. हातात वही, कानाले पेन. मी तिले लसूण सोलायले बसवलं. मग तांदूळ निवडायले. मग पुन्हा लसूण. अन् पोरं जेवून उठता उठताच उष्ट्याची बादली उचलून मी न पाहता माझ्या म्हशीपुढं नेऊन ओतायचो. ती वही घेऊन पळत यायची. "बाबा, बादली?" मी म्हणायचो, "म्हशीनं मोजली." पोरं हसायची, मीही हसायचो. प्रणाली पाटी घेऊन पुन्हा लसणापाशी बसायची. कांता एकदा बोलली, "मामाजी, ते लेकरू दीड तास गाडीत येते, तुमचा लसूण सोलायले येते का?" मी म्हटलं, "तुले लय समजते." पुढचे दोन दिवस माझ्या चहात साखर कमी होती.

पोरगी हुशार होती. बादली भेटत नाही म्हणून बसून राहिली नाही, डोळे उघडे ठेवून फिरायची. एक दिवस विचारते, "बाबा, शाळेच्या भिंतीमागं गावातल्या कोंबड्या मटकीच्या दिवशीच काऊन जमतात?" मी म्हटलं, "कोंबड्यायलेच विचार." तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मी पाहिलं नाही. ती विचारत होती तेव्हाच माझ्याजवळ उत्तर असायले पाहिजे होतं, कारण कोंबड्या मीही रोज पाहत होतो.

महिना भरला. तिच्याजवळ कॉलेजचा कागद होता, काम झाल्याचा. मी मोठेपणानं म्हटलं, "आण, सही करतो. सही येते मले. हेडमास्तरलेही सांगतो." तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला. "मॅडमनं सांगितलं, काम झालं नसेल तर सही आणू नको." माझ्या पाया पडली अन् गेली. एवढ्या वर्षांत लोकायनं माझ्या सहीले किंमत दिली नाही त्याचं मले कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण कोणी मागितलीच नव्हती. पहिल्यांदा मी देऊन राह्यलो होतो, अन् ती कोऱ्या कागदानं परत गेली.

मॅडम त्यानंतर एकदाच आल्या, थंडीत. डोक्याले रुमाल, अंगातलं सगळं उतरलेलं. भट्टीपाशी पाटावर बसल्या अन् पाणी मागितलं. मले वाटलं आता बोलतील. मी तयारच होतो, दोन-चार उत्तरं जुळवून ठेवली होती. पण रागाचा शब्द काढला नाही. म्हणाल्या, "कॉलेजात म्हणतात, शाळेत पोरीले काम भेटत नाई, पुन्हा दवाखान्यातच पाठवा. मी म्हणते भेटते. तुम्ही एकदा हो म्हणा बाबा, तर मी पुढच्या वर्षी चार शाळा मागते."

मी म्हटलं, "पाहू."

"बरं, पोरगी नको, काटा नको. दोन दिवस नुसते जाऊन उभे राहा ताटं धुवायच्या नळापाशी."

"चाळीस वर्षं पाहिलं नाई, आता काय पाहू?"

त्या उठल्या. जाताना खिळ्याले लटकलेला काटा सरळ केला. "हा राहू द्या इथंच," म्हणाल्या. फाटकापर्यंत कांता पोचवायले गेली. मी गेलो नाही.

पुढं त्यायचा आजार वाढल्याचं कानावर आलं. चिखलीच्या बाजारातून त्यायचं घर दोन गल्ल्या सोडून. मसाला घ्यायले मी चार-पाच वेळा तिथं गेलो असेन. एकदा तर त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो... जाऊन म्हणू काय? चुकलं म्हणायची मले सवय नव्हती, अन् तब्येतीचं विचारून परत येणं खोटं वाटत होतं. मागं फिरलो.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मटकी होती. पोरं जेवून उठली. मी भट्टी सोडली अन् नळापाशी जाऊन उभा राहिलो. मोठ्या पोरायची ताटं साफ होती. मले बरं वाटलं, छाती थोडी वर आली. मग पहिली-दुसरीची पोरं आली. ती नळावर आलीच नाहीत, बादली मी नेलेली असायची म्हणून आधी भिंतीमागं गेली. मी मागं गेलो. सगळी ओळीनं ताट झटकून राह्यली होती, अन् खाली कोंबड्या. भात खाल्लेला, रस्सा प्यायलेला, अन् दाणे जसेच्या तसे. परी नावाची एक चिमणी आहे पहिलीत, तिले धरलं.

"काऊन टाकून राह्यली वं?"

"चावत नाई आबा. दात पडले." तिनं तोंड उघडून दाखवलं. समोर खिडकीच.

"मागच्या दातानं चाव ना!"

"किडले. दुखते." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणते, "तुम्ही चावून दाखवा."

माझ्या तोंडात आता दोनच दात आहेत. भाकर मी वरणात कालवून खातो, हे घरात सगळ्यायले माहीत आहे. मी रोज उसळीची चव घ्यायचो ती रश्श्याची, हातावर घेऊन, मीठ पाहण्यापुरती. दाणा तोंडात टाकून किती वर्षं झाली होती... परीच्या ताटातला एक दाणा घेतला, इकडून तिकडं फिरवला, हिरड्यात धरला. साबूत बाहेर आला. पोरं एवढी हसली की वर्गातून मास्तर बाहेर आले. लसूण सोलणाऱ्या पोरीले हे आठ दिवसांत समजलं असतं, मी बादली ठेवली असती तर. मॅडमनं तर दोन दिवसच मागितले होते.

मग मी एसटीनं चिखलीच्या कॉलेजात गेलो. धुतलेलं धोतर, टोपी घालून. मॅडमच्या जागेवर एक नवीन सर बसले होते. मी सांगितलं, आमच्या शाळेत पोरी पाठवा, यावेळी काम देतो, बादली त्यायच्या हातात देतो, लसूण मी सोलतो. सर चांगले होते, खुर्ची दिली. म्हणाले, "बाबा, यावर्षीची यादी झाली, मुली दवाखान्यात जातात. पुढचं पाहू." हा 'पाहू' माझाच होता. परत यायले एवढे दिवस लागले त्याले. येताना मॅडमच्या गल्लीत शेवटी गेलो. दाराले कुलूप होतं.

आता पहिली-दुसरीची मटकी मी वेगळी काढतो, जास्त शिजवतो अन् पळीच्या पाठीनं दाबतो. गरगट करतो, हो. परी दोनदा मागते. प्रणाली एका दवाखान्यात लागली आहे, तिले फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, वर्गवार वजन लिहून ठेवा, मी येईन तेव्हा पाहीन." येईल का माहीत नाही. पण मी रोज बादली काट्याले लावतो.

मी उंच माणूस. खिळा मॅडमच्या उंचीवर आहे, त्यामुळे मान अन् कंबर दोन्ही वाकवल्याशिवाय आकडा दिसत नाही. परवा कांता म्हणाली, "मामाजी, कंबर आखडते तुमची, खिळा हातभर वर ठोकून देऊ का?"

मी म्हटलं, राहू दे.