एक संसार, दोन पत्ते

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नव्हते. ते सोफे दुरुस्त करायचे. फाटलेलं कापड, बसलेला फोम, करकरणाऱ्या स्प्रिंगा सगळं उपसून काढायचे आणि सोफा नव्यासारखा करून द्यायचे. कारखान्यात कुणीतरी त्यांना 'मास्तर' म्हणायला लागलं आणि ते नाव चालत चालत घरापर्यंत आलं. बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. नवीन राहायला आलेली एक शेजारीण तर मुलाच्या शिकवणीबद्दल विचारायला आली होती. "आमच्याकडे फक्त खुर्च्या पास होतात," असं मास्तरीणबाईंनी तिला सांगितलं, आणि तो विनोद जिन्यात बरेच दिवस पुरला.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा सगळा संसार झाला. एकुलती एक मुलगी तिथेच वाढली, तिथूनच लग्न होऊन गेली. घर भाड्याचं होतं, पण घरमालक जुना माणूस. भाडं वाढवायचा विषय काढताना त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. तो वारला. त्याच्या मुलाला तसं होत नव्हतं. तो उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं. पण त्याने चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाला, "काका, आसपास काय भाव चाललाय ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तेवढं नको. पण आत्ताच्या दुप्पट तरी मिळायला हवं. मलाही हप्ते आहेत."

दुप्पट भाडं म्हणजे मास्तरांचा जवळजवळ सगळा पगार.

काटकसर करायची म्हटलं तर ती आधीच करून झाली होती. वर्तमानपत्र बंद झालं होतं. फळं फक्त कुणी आजारी पडलं तरच यायची. मास्तर बस सोडून पायी कामाला जात होते आणि डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय असं कारखान्यात सांगत होते. मास्तरीणबाई बाजार उठायच्या वेळी भाजीला जायच्या, कारण तेव्हा उरलेला माल स्वस्त मिळतो. त्यांची दाढ दुखायची. ती 'आता सवय झाली' म्हणून तशीच राहिली होती. आणखी कुठे कात्री लावायची, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास मुलीचा फोन आला. बाळंतपणाची रजा संपत आली होती. पाळणाघरात बाळ ठेवायचं तर तिचा निम्मा पगार तिथेच जात होता, आणि नोकरी सोडली तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भाडं भागत नव्हतं. ती काही मागत नव्हती, नुसती रडत होती.

फोन ठेवल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, मी जाते तिच्याकडे."

"किती दिवस?"

"तसं नाही. राहायलाच."

मास्तरांनी विचारलं, "आणि मी?"

जावई भला माणूस. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, "बाबा, तुम्हीपण या. करू काहीतरी." पण त्यांचं घर मास्तरांनी पाहिलं होतं. एक खोली, आणि स्वयंपाकाची अरुंद जागा. बाळाचा पाळणा उघडला की कपाट उघडत नसे. तिथे मास्तरीणबाई ओट्याशेजारी अंथरूण घालणार होत्या. मास्तरांनी पाय कुठे पसरायचे?

कारखान्याच्या शेठने वाट काढली. "रात्री इथेच झोपा, मास्तर. मला राखण होईल, तुमचं भाडं वाचेल."

"दोन-चार महिने," मास्तर बायकोला म्हणाले.

"तेवढेच," त्या म्हणाल्या.

घर आवरताना भांडी जमिनीवर मांडली. हा कुकर मुलीकडे, ही छोटी कढई तुम्हाला, ताटं तिथे आहेत, एक पेला तुमच्याकडे राहू दे. मधेच मास्तर हसायला लागले. "घटस्फोट घेणारी माणसं निदान भांडतात तरी. आपलं नुसतंच वाटप." मास्तरीणबाईही हसल्या आणि हसता हसता उठून मोरीत गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला.

कारखान्यात पलंग नव्हता, पण सोफे होते. लोकांचे, दुरुस्तीला आलेले. काम झालेल्या सोफ्यावर प्लॅस्टिक घालून मास्तर झोपायचे. सोफा गिऱ्हाइकाच्या घरी गेला की यांचा मुक्काम दुसऱ्यावर. संध्याकाळी फोनवर मास्तरीणबाई विचारायच्या, "आज कुणाकडे उतरलात?"

"आज वकिलाकडे. एकदा बसलं की सुटका नाही."

"काल?"

"काल दातांच्या डॉक्टरकडे होतो. तुझ्या दाढेचं विचारायचं राहून गेलं."

त्या तोंडावर पदर धरून हसायच्या, कारण बाळ नुकतंच झोपलेलं असायचं.

रविवारी मुलीला सुट्टी. त्या दिवशी मास्तरीणबाई डबा घेऊन कारखान्यात यायच्या. मास्तर शटर अर्धं ओढून घ्यायचे. दोघं कुणाच्या तरी सोफ्यावर बसून जेवायचे. मग त्या त्यांच्या शर्टाची बटणं लावायच्या, ते बाळाचं काय काय ते ऐकायचे. "चोरून भेटतो आपण, लग्न झालेलं असून," मास्तर एकदा म्हणाले. दोन-चार महिन्यांचं वर्ष झालं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी जेवणानंतर दोघांचाही डोळा लागला. फिकट निळ्या कापडाचा मोठा सोफा होता, आदल्याच दिवशी पुरा झालेला. मास्तरीणबाईंचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर होतं. शटर वर गेल्याच्या आवाजाने दोघं दचकून उठली. दारात शेठ, आणि त्यांच्याबरोबर सोफ्याची मालकीण. सोफा कसा झालाय ते बघायला आलेली.

"हा माझाच ना?" ती बाई म्हणाली. मग मास्तरीणबाईंकडे, जमिनीवरच्या उघड्या डब्याकडे आणि दोरीवर वाळत घातलेल्या बनियनकडे बघून तिने आवाज खाली आणला. "हे कापड बदलून द्या. मला असं चालणार नाही."

ती गेल्यावर शेठ बराच वेळ किल्ल्या वाजवत उभे राहिले. "मास्तर, तुम्हाला बोलताना मला बरं वाटत नाही. तुम्ही राहा. पण वहिनींना इथे आणू नका."

"कापडाचे पैसे माझ्या पगारातून घ्या," मास्तर म्हणाले.

शेठ नाही म्हणाले नाहीत.

मास्तरीणबाई निघायला उठल्या होत्या, पण मास्तरांनी लगेच पकड हातात घेतली आणि पिना उपटायला सुरुवात केली. एक एक पिन डब्यात टाकत त्यांनी आपणच घातलेलं कापड सोलून काढलं. शिवण एवढी सरळ होती की उसवताना जोर लावावा लागत होता. त्या जवळ उभ्या राहून दुसरं टोक धरत होत्या.

त्यानंतर ती दोघं बागेतल्या बाकावर भेटू लागली. पाऊस असला की बसथांब्याच्या पत्र्याखाली. बस आली की लोक सरकायचे, यांना वाटायचं आपणही चढायला हवं, आणि मग दोघं उगाच मागे व्हायची. खोल्याही बघितल्या. एका खोलीला खिडकी नव्हती, तरी ती घ्यायचं ठरलं. दलालाने वय विचारलं. मास्तरांनी खरं सांगितलं. "काका, राग मानू नका," दलाल म्हणाला, "मालक विचारतो, यांचं काम बंद पडल्यावर भाडं कोण देणार?" जिन्यात बघायला आलेली आणखी माणसं उभी होती. त्यांना वाट देत दोघं खाली उतरली.

हळूहळू रविवारही चुकू लागले. कधी बाळाला ताप, कधी जावयाला जादा काम. "नको येऊस, तुझी दगदग होते," असं मास्तरच म्हणायचे. फोनवर कुणाकडे उतरलात हे विचारायचंही कधी बंद झालं, ते दोघांनाही कळलं नाही. जेवलात का, जेवलो. तू? जेवले. बाळ? बरंय.

तीन वर्षांनी जावयाची बदली दूरच्या एका छोट्या गावाला झाली. तिथे भाडी कमी होती. मुलीने फोनवर ओरडूनच सांगितलं, "बाबा, मागे एक जास्तीची खोली आहे! तुमची आणि आईची! सोडा आता ते सगळं."

मास्तर लगेच हो म्हणाले नाहीत. हातातलं काम पुरं करायचंय म्हणाले. मग गुडघ्यांचं कारण निघालं. शेवटी जावई येऊन त्यांना घेऊन गेला. सामान एका पिशवीत मावलं.

मास्तरीणबाईंनी खोली लावून ठेवली होती. नवी चादर, खिडकीला पडदा. मास्तर दारातून म्हणाले, "छान आहे," जसं पाहुणा म्हणतो. पलंगावर ते अगदी भिंतीला चिकटून झोपले, एका कुशीवर, सोफ्यावर मावेल एवढंच अंग करून. कूस बदलताना त्यांचा हात बायकोला लागला तेव्हा ते "सॉरी" म्हणाले.

सकाळी त्या उठल्या तेव्हा चादरीची घडी झालेली होती, मास्तरांच्या बाजूची तेवढीच. मास्तर अंघोळ करून, कपडे घालून स्वयंपाकघरात उभे होते. स्वतःपुरता चहा ठेवत होते. त्यांनी एक डबा उघडला, बंद केला, दुसरा उघडला. बायको दारात दिसल्यावर जरा बाजूला सरले आणि म्हणाले, "साखर कुठे ठेवता तुम्ही?"

आयुष्यभर त्यांनी तिला 'अगं' आणि 'तू' शिवाय हाक मारली नव्हती. ते तिला एकटीला नव्हे, या घरातल्या सगळ्यांना मिळून विचारत होते. त्यांच्या मनात 'तुम्ही' एका बाजूला होते आणि आपण एकटे दुसऱ्या, हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

मास्तरीणबाईंनी वरच्या फळीवरचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. पातेल्यात आणखी पाणी ओतलं. आणि चहाला उकळी येईपर्यंत त्यांच्याकडे पाठ करून, ओट्याला धरून उभ्या राहिल्या.