बारा पावसाळ्यांच्या बाटल्या

कपाटात बाटल्या साठत गेल्या, तसे आमच्यात गोडबोले मास्तरांचे किस्सेही साठत गेले. रत्नागिरीच्या आमच्या शाळेत ते सायन्स शिकवायचे, मी ड्रॉइंग. बारा वर्षांचा नेम धरून दर अमावास्येला ते सर्व्हिस मोटारीने संगमेश्वरला जात आणि पूर ओसरल्यावर नदीकाठच्या मळ्यात मागे राहणाऱ्या तळ्याचं पाणी आणत. त्यातले बारीक किडे ते भिंगाखाली मोजत आणि चित्रं मी काढायची. मला कुणी विचारलंच नव्हतं!

*

किडे धरायला रेशमी जाळी हवी. मास्तरांनी सरळ पूजेचा मुकटा कापला. वहिनी कडाडल्या, "आता पूजा काय नेसून करणार?"

"ओलेत्याने!"

आणि भर थंडीतसुद्धा ते ओल्या पंच्याने पूजा करीत.

*

हेडमास्तर एकदा म्हणाले, "अहो, पूर आला की तळं धुऊन निघतं, मग पुन्हा तेच किडे. बारा वर्षं काय बघायचंय त्यात?"

"तेच येतात का, हेच तर बघायचंय!" मास्तर म्हणाले. "पण एकही अमावास्या चुकता कामा नये. एक बाटली गेली, तर बदल नेमका त्याच महिन्यात झाला असेल!"

*

किडे टिकवायला मास्तर बाटल्यांत स्पिरिट घालत, म्हणून अबकारी इन्स्पेक्टर झडतीला आला. मास्तरांनी भिंगाखाली ताज्या पाण्याचा थेंब ठेवून त्याला समोर बसवलं. एकडोळ्या किडा पाय झाडताना बघून साहेब ताडकन उठले. "हे आम्ही पितो?"

झडती तिथेच संपली.

*

तळ्याशेजारी भागाबायचं भाताचं खाचर. जाळी फाटली तर ठिगळासाठी मुकट्याचा उरलेला तुकडा तिच्याकडे असे. देवाचं कापड म्हणून तिने तो देवापाशीच ठेवलेला. तिने एकदा विचारलं, "मास्तरांनू, पोटाला गुन पडतो ना ह्या पान्याचा?"

मोटार सुटायला आली होती. मास्तर "पडतो, पडतो!" म्हणून धावले.

*

बारावं वर्ष, आषाढ. मास्तर विषमज्वराने आडवे. धावपळीत अमावास्या कुणाच्या लक्षातच राहिली नाही, माझ्याही! आठ दिवसांनी पोचलो, तर तळ्यावरून नदी वाहत होती. अमावास्येचं पाणी गेलंच!

भागाबाय बाटली घेऊन आली. "तुमी आला नाय. अवसेला मीच भरून ठेवली."

मी तिच्या पायाच पडणार होतो! मास्तर आजारी आहेत हे ऐकून मात्र ती बाटली घेऊन घरात गेली. बऱ्याच वेळाने आली ती माझ्याबरोबर निघायच्या तयारीनेच. बाटली माझ्या हाती देईना.

मास्तरांच्या खाटेशी मी बाटलीच्या तोंडाचं फडकं सोडलं, भिंग लावलं. थेंबामागून थेंब बघितले. एकही किडा नाही! बारा वर्षं वाया गेली म्हणून मला रडूच आलं.

"किडे व्हय? ते कसे असतील?" भागाबाय म्हणाली. "आजारी मानसाला कच्चा पानी देतात काय? गाळून, उकळून आनलाय."

मास्तर कोपरावर उठले. "गाळलंस कशातून?"

"तुमच्या देवाच्या फडक्यातनं. मग बाटलीलाच बांदला."

मी उशाशी टाकलेलं ते ओलं फडकं मास्तरांनी दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"रडताय काय? काढा चित्रं!"