गंजाचा वैरी

गंजाशी उभं वैर धरणारा माणूस साऱ्या मालवण तालुक्यात एकच जन्मला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. तोंडवलीला समुद्र अंगणाशीच. खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा वर्षभर तग धरत नाही. मामा खिशात तेलाची बुधली घेऊनच हिंडायचे. आमच्या साखरपुड्यात त्यांनी पाहुण्यांदेखत झोपाळ्याच्या कड्यांना तेल पाजलं आणि माझ्या वडिलांचा पांढरा सदरा कायमचा निकालात काढला. कुणाकडे दुखवट्याला गेले तरी आधी फाटकाची बिजागरी करकरते का ते बघत, मग डोळे पुसत.

त्यांचा खरा जीव मात्र आजोबांच्या विलायती ठासणीच्या बंदुकीत. माडावरची माकडं हाकलायला तिचा परवाना होता. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, मामा ती मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून न्यायचे आणि हवालदाराला बजावायचे, "खिडकीकडे ठेव नको हां, खारो वारो लागता." एकुलता मुलगा दिगू बार काढून आला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू, "नळी पुसलंस काय रे? तुझो घाम म्हणजे नुसता मीठ आसा!" दिगू हसत निघून जायचा. मग त्याच्या बोटांचे डाग मामाच तेलाच्या फडक्याने पुसायचे.

दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत दिगूने माकडांवर बार काढला, बंदूक खुंटीला लावली आणि तापाने आडवा झाला. लेप्टो निघाला. तो इस्पितळातून घरी आलाच नाही. दिवसकार्य उरकल्यावर मामांनी बंदुकीकडे पाहिलं, तर नळीवर चार बोटं गंजून उमटलेली. ती त्यांनी पुसली नाहीत.

गंज वाढत गेला. यंदा गोव्याकडच्या एका जुन्या कारागिराला मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. गंज काढून नळीचा मूळचा तपकिरी रंग परत आणता येईल, म्हणाला. नाहीतर खड्डे पडतील. तो रंगसुद्धा मुळात गंजच, मुद्दाम चढवून घासून जिरवलेला, हे ऐकून मामा कितीतरी दिवसांनी हसले. "म्हणजे सायबान मुद्दाम गंज चढवल्यान? आणि मी जल्मभर तो काढतंय!" पण बंदूक काही हातची सोडेनात. "रंग कित्याक? ऱ्हवांदे तशीच."

तेवढ्यात आतून मामी आल्या. "बंदूक ऱ्हवांदे. पण तीं बोटां नको वो माका. येता-जाता दिसतत."

 मामांनी बंदूक कारागिराच्या पुढ्यात ठेवली. तो टोकाकडून घासत बोटांपाशी आला तशी म्हणाले, "थांब. हयसर मी." तेलाच्या फडक्यावर कारागिराची घासायची पूड घेऊन ते एकेक बोट घासू लागले. मामी शेजारी येऊन बसल्या. माझ्याच्याने बघवत नव्हतं. तीन बोटं गेली, आणि मामांचा हात थांबला.

"ह्यां तू पूस गो," ते म्हणाले.

मामींनी फडकं घेतलं, पण त्यांना पुसवेना. मामांनीही ते परत मागितलं नाही. शेवटी कारागिराने तेवढं एक बोट सोडून बाकीच्या नळीला रंग चढवला. तिथे खड्डा पडणार, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक आहे.